विहीणबाईंना पायी वटारला नेलं तेव्हा

काय हो, पहिल्यांदाच राहायला आलेल्या विहीणबाईंना भर उन्हात विरारपासून वटार गावापर्यंत चालवत नेणारी बाई तुम्ही पाहिलीय का? पाहून घ्या, मीच ती!

लेकीचं लग्न नुकतंच झालेलं. तिच्या सासूबाई कोल्हापूरहून आल्या. त्यांच्या मनात होतं, गाडी करून महाबळेश्वरला जावं. पण मला तेव्हा पर्यावरणाचं भारी वेड! म्हटलं, "धूर सोडत घाट कशाला चढायचा? जवळच जाऊ, पायी जाऊ, गावातच राहू, वाडीतलं ताजं खाऊ."

लेकीने फोनवर बजावलं, "आई, सासरी माझी मान खाली जाईल असं काही करू नकोस हं!"

"अगं, मी काय लहान आहे?" मी म्हटलं.

वटारला एका बाईंनी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. खूण काय, तर केळीच्या वाडीतलं कौलारू घर. आता वटारमध्ये अशी घरं किती असतील? पण फोन करून पत्ता विचारील ती मी कसली! हळूहळू शोधत जाणं हीच तर खरी सहल.

पोहोचेपर्यंत विहीणबाईंच्या टाचा सोलल्या होत्या. तेवढ्यात दिसलं, कौलारू घर, मागे केळी, अंगणात मांडव आणि चक्क पंगत बसलेली! म्हटलं, हेच ते घर! काय छान चाललंय यांचं!

"बसा ताई, पानी घ्या," एका आजोबांनी तांब्या पुढे केला. आम्ही बसलो. केळफुलाची भाजी, पुरी, वरणभात, बुंदीचे लाडू. चालून चालून भूक अशी लागलेली की विचारू नका!

खुर्चीवर एका आजीबाईंचा हार घातलेला फोटो होता. हॉटेलात नाही का, गल्ल्यामागे मूळ मालकांचा फोटो असतो? मी वाढणाऱ्या त्या घरच्या सुनेला विचारलं, "हे सगळं यांनीच उभं केलं का?"

"हो. वाडी, घर, सगळं सासूबाईंनीच."

"मग काय! आज त्यांच्यामुळेच आम्हाला इतकं छान जेवायला मिळालं!"

विहीणबाईंनी मला कोपराने ढोसलं. मला वाटलं, मागायला लाजतायत. म्हणून मीच ओरडले, "अहो, आमच्या विहीणबाईंना आणखी एक लाडू वाढा!"

"मला नको. उठा की आता!" त्या दातओठ खात पुटपुटल्या.

"अहो, एवढी काय घाई?" मी म्हटलं आणि सुनेकडे वळले. "आमच्या महिला मंडळाला घेऊन येणार आहे मी. असं जेवण पुन्हा कधी असतं तुमच्याकडे?"

तिने हातातलं ताट खाली ठेवलं. ती हळूच म्हणाली, "आता वर्षश्राद्धाला, ताई."

तेरावं! मी तेराव्याच्या पंगतीत बसून पुढच्या जेवणाची तारीख विचारत होते!

घास तोंडात तसाच राहिला. आजूबाजूच्या बायका खाली बघत होत्या. सून मात्र म्हणाली, "आजच्या दिवशी दारात आलेल्याला कोण म्हणून विचारत नाहीत आमच्यात. पोटभर जेवा." रागावली असती तर बरं झालं असतं हो! माझ्या तोंडून माफीचा एक शब्द फुटला नाही. पानावरून उठले ती थेट फाटकाबाहेर.

"फोटोसमोर ते आजोबा डोळे पुसत होते," विहीणबाई म्हणाल्या. "तवापासून ढोसत होते मी तुम्हाला!"

आमची खोली होती शेजारच्याच घरात. खिडकी उघडली की समोर तोच मांडव. मी खिडकी लावून घेतली आणि डोकं दुखतंय सांगून संध्याकाळभर पडून राहिले. वाडी बघायला विहीणबाई एकट्याच गेल्या, सोललेल्या टाचांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठेपर्यंत विहीणबाई शेजारी जाऊन माझ्या वतीने माफी मागून आल्या होत्या, आणि माझ्या लेकीला फोनवर सगळं सांगूनही झालं होतं.