बाबांचं नाक आणि गॅसवरची गाडी

अहिवारा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भट्टीत लावायच्या विटांचं एक गोदाम आहे. बाबा तिथे फोर्कलिफ्ट चालवायचे. आधी गाड्या डिझेलच्या होत्या. बंद शेडमध्ये धूर कोंडायचा, आणि कॅंप-१ या कामगार वस्तीतल्या आमच्या घरी बाबा लाल डोळ्यांनी खोकत यायचे. मग गॅसवरच्या गाड्या आल्या, ड्रायव्हरच्या पाठीमागे आडवी टाकी बांधलेल्या. धूर कमी झाला, पण गॅस गळायची भीती आली.

टाकी बदलली की जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं, असा नियम होता. विदर्भातून आलेल्या आमच्या बहाद्दर ड्रायव्हरांना तो पोरखेळ वाटे. ते वाकून हुंगत, आणि शंका आली की तिखट नाकाच्या बाबांना हाक मारत. बाबांनी ‘ठीक’ म्हटलं की गाडी सुरू. घरी ते याचा एवढा तोरा मिरवत की आई म्हणायची, “तुमच्या नाकाचीच आरती करा लागते आता.”

मग एका तापानंतर त्यांना वास येईनासा झाला. चुलीवर डाळ करपली आणि शेजारीच बसलेल्या बाबांना पत्ता नाही.

“तुमाले वास नाही येऊन राह्यला का?” आईनं विचारलं.

“चूप राय. बाहेर कोणाले सांगू नोको.”

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांना वाटलं असावं. मला त्या मुठीचा अजून राग येतो.

थोड्याच दिवसांनी त्यांच्या जुन्या मित्रानं टाकी बदलली. त्याला सर्दी झालेली, म्हणून त्यानं बाबांना बोलावलं. दोघं रोज एकत्र डबा खाणारे. बाबा वाकले, हुंगल्यासारखं केलं, म्हणाले, “ठीक हाय.” मित्र चावी फिरवणार, तोच बाजूनं जाणारा एक हमाल ओरडला. गॅस गळत होता. मित्रानं टाकी बंद केली, बाबांकडे पाहिलं आणि काय ते समजला.

साहेबांपर्यंत कोणी गेलं नाही, नोकरी टिकली. पण बाबांना पुन्हा कोणी हाक मारली नाही, आणि मित्र डबा घेऊन दुसरीकडे बसू लागला. बाबांनी काम सोडलं. घरी ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

यंदा गोदामात बॅटरीच्या गाड्या आल्या. मालकानं निरोप धाडला, जुने ड्रायव्हर आहात, या. आई हरखली.

“आता तं गॅसच नाही. जा ना.”

बाबांनी भिंतीकडून तोंड वळवलं नाही.

“गाड्या नव्या आल्या,” ते म्हणाले. “मानसं तं तेच हायेत ना.”