कौलावरचे दात

किनाऱ्यावरच्या त्या गावात वाळू काळी आहे आणि तिच्यात मुळातच थोडा किरणोत्सर्ग आहे. त्या वाळूत खेळून वाढलेल्या मुलांच्या तब्येतीवर पुढे काय परिणाम होतो, हे पाहायला शहरातून एक डॉक्टरबाई आल्या होत्या. लहानपणी अंगावर घेतलेल्या किरणांची खूण दातांत राहते, म्हणून त्यांना मुलांचे पडलेले दुधाचे दात हवे होते. अडचण एवढीच की गावातले सगळे दात कौलांवर होते.

पडलेला दात कौलावर फेकायचा आणि उंदराकडे नवा मागायचा, ही तिथली रीत. पहिलीतल्या सुमीचा पुढचा दात सकाळीच पडला होता आणि अजून तिच्या मुठीत होता.

"दे ना गं बाळा," बाई म्हणाल्या.

"नवा कधी देणार?"

"आम्ही देत नाही. आम्ही अभ्यास करतो."

"उंदीर देतो."

सुमीची आई म्हणाली, "बाई, तुमच्यापेक्षा उंदराचा व्यवहार चोख आहे हो."

ते खरंच होतं. या अभ्यासाचं उत्तर यायला सुमीचं निम्मं आयुष्य जाणार होतं. उंदीर दिवाळीच्या आत निकाल लावतो. शिवाय तोंडातली खिंड कायमची राहील ही भीती सुमीला होती, विज्ञानाला नव्हती.

शेवटी डॉक्टरबाई अंगणात उतरल्या. दात आपण नेत आहोत, पण नवा सुमीलाच द्यावा, असं त्यांनी कौलांकडे पाहून उंदराला मोठ्यानं सांगितलं. सुमीनं मूठ उघडली आणि लगेच मिटली.

"उंदीर इथंच राहतो," ती म्हणाली. "तुम्ही कुठं राहता?"

बाईंनी पिनकोडसह पत्ता सांगितला. मग दात मिळाला.