पायाचं बोट

जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये संताचं शरीर चांदीच्या पेटीत उंचावर ठेवलं आहे. मान वर करून पाहताना बायको म्हणाली, "पायाचं चुंबन घेता घेता एका बाईने त्यांचं बोटच चावून नेलं म्हणे. केवढी ही भक्ती!"

"भक्ती कसली? चोरी!" मी ओरडलो. लोक वळून बघू लागले.

माझा भाचा रोज माझ्या पाया पडून माझं दुकान उघडायचा. घासाघीस मीच शिकवली त्याला. आता माझीच गिऱ्हाइकं फोडून त्याने समोर दुकान थाटलंय. उद्या उद्घाटनाआधी आशीर्वादाला येणार आहे.

"येऊ दे हो, लेकरू आहे," बायको हळूच म्हणाली.

चावायला आधी वाकावंच लागतं. पेटीतल्या त्या संताला पाय मागे घेता आले नव्हते. मला येतात.