विहिरीचं पाणी आणि पोस्टडॉकची अट

पीएचडी झाल्यावर मी एका विद्यापीठात पोस्टडॉकसाठी अर्ज केला. काम मनासारखं होतं. जालना जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाण्यात खतांमुळे किती नायट्रेट उतरतं, ते दोन वर्षं मोजायचं. पैसा एका खत कंपनीचा होता. मुलाखतीआधी या प्रकल्पाच्या प्रमुख सरांनी मला एक दिवस टेंभुर्णीकडे सोबत नेलं. "काम करताना माणूस कळतो," म्हणाले.

तिथल्या एका शेतवस्तीवर आम्ही विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतलं. घरातल्या मावशींनी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणला. सरांनी हात जोडले आणि पिशवीतली विकतची बाटली काढली.

"आमचं पानी चालत न्हाई का तुमाला?" मावशींनी विचारलं.

"तसं नाही हो. सवय नाही," सर म्हणाले.

"सवय न्हाई म्हनं! अन् आमी काय म्हशी हाओत?" त्यांनी ओसरीकडे बोट केलं. तिथं त्यांची लेक बसली होती, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. "हिला सातवा चालू हाय. खरं सांगा, काय हाय पान्यात?"

मी तांब्या घेतला आणि प्याले. "अजून माहीत नाही, मावशी. कळलं की येऊन सांगते."

परतताना गाडीत सर म्हणाले, "अहवाल छापून येईपर्यंत आकडे कुणाला द्यायचे नाहीत, अशी कंपनीची अट आहे."

"तोवर ते बाळ चालायला लागेल, सर."

"चळवळीच्या पत्रकासारखं बोलू नका."

आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकंच जास्त होती, त्यामुळे मला ते लागलं नाही. ज्याची विहीर, त्याला तिचा आकडा आधी कळला पाहिजे. हे मान्य नसेल तर मी येणार नाही, एवढंच मी म्हणाले. आवाज चढवला नाही. ती जागा मला फार हवी होती आणि दुसरी कुठलीच हातात नव्हती.

सरांनी कंपनीकडे विषय काढला. कंपनीने अंग काढून घेतलं. मग सरांनी विभागाच्या निधीतून जागा केली, पण एकाच वर्षाची. मी रुजू झाले.

त्या विहिरीचा आकडा पिण्यायोग्य मर्यादेच्या बराच वर निघाला. मी टेंभुर्णीला गेले आणि सांगितलं, "ताईला आणि उद्या बाळाला हे पाणी देऊ नका. यातल्या नायट्रेटनं तान्ह्या बाळाच्या रक्तात प्राणवायू कमी पडतो."

"उकळून देलं तर?"

"उकळून कमी होत नाही, मावशी. उलट वाढतं."

"मंग कोन्तं द्यावं?"

मी गावातून शुद्ध पाण्याचा जार आणायला सांगितलं. मावशींनी मान हलवली, पण विहिरीकडे पाहिलं. घर, गुरं, सगळं तिच्यावरच होतं. आमच्या कामात नायट्रेट मोजणं होतं. विहिरीच्या पाण्यातून ते काढायचं कसं, हे कुठेच नव्हतं.

पुढच्या पोस्टडॉकचा अर्ज मी सध्या त्यावर लिहिते आहे. तोवर त्या घरी जार येतो.