नंबर चिकटवलेली कालवं

माझ्या बायकोच्या कालवांवर कुणी नंबर चिकटवतंय, हे मला शेजारणीने सांगितलं. होडी काढून गेलो तर खरंच. खाडीतल्या तिच्या तराफ्यावर संशोधन केंद्रातली एक मॅडम बसलेली. दोरीला लोंबणारं कालवाचं शिंपलं उतरवते, ब्रशने घासते, वर पिवळा नंबर डकवते. बायको वैशाखात गेली आणि हा दसरा उलटलेला. तिच्या वस्तूंना हात लावायचा मलाच धीर होत नव्हता, आणि ही बाई खुशाल घासत बसलेली.

"कुणाला विचारलंत?" मी होडीतूनच ओरडलो.

"काकींनाच, काका. गेल्या साली हो म्हणाल्या. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

नाही बोलली. जन्मभर मला विचारून काही केलंन नाही, ते हे विचारणार होती?

आता हिचीच कालवं का, तर त्याची गोष्ट आहे. बायकांच्या गटाने तराफे बांधले ते खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. आमची शेजारणीशी जागेवरून भांडली आणि आपला तराफा वर, ओढा खाडीला मिळतो तिथे नेलान. पावसात तिथलं पाणी गोडं होतं आणि कालवं मरतात. दर साल मरायची. बायका हसायच्या. ही म्हणायची, "मरूदेत मेली. त्या भवानीच्या शेजारी नाही बांधणार." जी थोडी जगत त्यांची पिल्लं जुन्या शिंपांवर बसत, तीच ही पुन्हा दोरीला बांधायची. असं कित्येक वर्षं. गेल्या साली पाऊस असा कोसळला की मुखाकडची सगळी मेली, हिची राहिली.

मॅडम म्हणाली, "काका, गोडं पाणी सोसायचं यांच्या रक्तात उतरलंय. ते नेमकं कुठे आहे याचा आम्ही नकाशा करतोय. मग चांगली निवडून जोड्या लावायच्या आणि बी काढायचं."

"भांडण उतरलंय त्यांच्यात," मी म्हटलं. "त्याचा काढा नकाशा."

हसली. मी हसायला बोललो नव्हतो.

मला नकाशा नको होता, ताटापुरती कालवं हवी होती. आमच्यात वर्षश्राद्धाचं गोडाचं झालं की दुसऱ्या दिवशी तिखटाचं ताट ठेवतात, गेलेल्या माणसाच्या आवडीचं. हिला कालवांचं सुकं, तेही स्वतःच्या तराफ्यावरचं. दुसऱ्याचं जिवंतपणी खाल्लंन नाही. आणि मॅडम म्हणते, एकालाही हात लावू नका, सगळी बियाण्याला लागतील.

"बाजारातून आणा की, काका."

त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. शेवटी ती म्हणाली, "पिल्लं सुटली की आईबाप तुमचे तुम्हाला परत."

घेऊन गेली. मी अधूनमधून केंद्रावर बघायला जायचो आणि डोकं पिकवून यायचो. आम्ही कालव कोयत्याने फोडतो. ही त्याला कसल्याशा मिठाच्या पाण्यात गुंगी आणते, आपोआप तोंड उघडतं, मग चिमटीएवढा तुकडा काढून घेते. म्हणे त्यावरून कुणाचं कोण ते कळतं. टाक्यांवर घराण्यांच्या चिठ्ठ्या लावलेल्या. एकदा विचारलं, यातला नवरा कुठला? तर म्हणे, लहानपणी बहुतेक नर असतात, पुढे त्यातल्याच माद्या होतात. मी टोपी घातली आणि घरी आलो.

शिमगा गेला तरी पत्ता नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी संध्याकाळी मॅडम ओल्या गोणपाटात टोपली घेऊन आली. दुसऱ्या दिवशी फोडायला बसलो. आत काय? पाणी. पिल्लं सोडून कालव असं गळतं की शिंपल्यात नुसती साय राहते. इतके महिने थांबलो ते याच्यासाठी! कोयता आपटला.

आवाज ऐकून शेजारीण आली. टोपलीत बघितलंन. "हे काय हो भावजी, बाळंतिणी फोडायला घेतल्यात?"

"तू जा गो. तुझ्यामुळेच झालंय सगळं."

"माझ्यामुळे जगली म्हणा." आणि चुलीपुढे बसलीच. खोबरं भाजलंन, मिरची टाकलीन. मी कोकमं दोन टाकली तर म्हणाली, "आणखी टाका. तिला आंबट लागायचं." हे हिला ठाऊक! इतकी वर्षं एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या.

पातेलंभर कालवांचं वाटीभर सुकं झालं. ताट तिच्या फोटोपुढे ठेवलं.

"भावजी, नवं बी बांधणार कुठे?"

"वर. ओढ्याशी. तिथेच."

"मलाही द्या थोडं. मीही तिकडेच बांधीन."

मी फोटोकडे बघितलं. "चार हात लांब बांध," म्हटलं. "आणि आता जरा बाहेर जा. तू असताना ती जेवायची नाही."

उठून गेली बिचारी. मी वाटी ताटात जरा पुढे सरकवली. "बारीक आहेत," म्हटलं, "पण तुझीच आहेत. चालवून घे."