वसंताची चिलखती क्रूझर

सुधावहिनींचा फोन शनिवारी दुपारी आला. "भावजी, हे गेले," एवढंच त्या बोलू शकल्या... सकाळी बेसमेंटमध्ये उतरलेला वसंता जेवायला वर आलाच नाही. हार्ट अटॅक.

वसंता मूळ नागपूरचा, पोलादातला इंजिनिअर. अमेरिकेत, श्रूजबरीत आमची घरं शेजारी. ज्या कंपनीत त्याने तारुण्य घातलं, तिने पन्नाशीनंतर त्याला लेऑफ केलं. 'तुमचं काम आता जुनं झालं,' म्हणाले. नंतर जिथे जाईल तिथे 'ओव्हरक्वालिफाइड'. मग त्याने इंटरव्ह्यूला जाणंच बंद केलं आणि बेसमेंटमध्ये एका जहाजाचं मॉडेल करायला घेतलं.

ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीची चिलखती क्रूझर, म्हणजे पोलादी कवचाची युद्धनौका होती. तिच्याबद्दल बोलताना तो चिडायचा. "बँड वाजवून पाण्यात सोडली यार, आणि तोवर तिच्याहून वेगवान, मोठ्या तोफांची जहाजं तयारसुद्धा होती! मग हिला कुठली तरी लांबची बंदरं राखायला पाठवली. पहिलं महायुद्ध पेटल्यावर मात्र आठवण झाली. ढकलली बड्या जहाजांसमोर. काही मिनिटांत खलास, सगळ्या माणसांसकट."

"जुनी झाली होती ना रे ती?" मी एकदा म्हणालो.

"जुनी झाली हा तिचा गुन्हा?" तो ताडकन म्हणाला. "पाठवणाऱ्यांना ठाऊक होतं. ते किनाऱ्यावर होते."

अंत्यदर्शनाला त्याचा जुना मॅनेजर आला. वसंता कंपनीचा आधारस्तंभ होता, असं काहीबाही बोलला. वहिनींनी शांतपणे विचारलं, "मग काढलात कशाला?" तो कॉफीचा कप घेऊन बाजूला झाला.

परवा वहिनींकडे गेलो. घर विकायचंय, म्हणून मुलगा निखिल बेसमेंट व्हॅक्यूम करत होता. टेबलावर जहाज जवळजवळ पूर्ण होतं, पण डेक रिकामा. अचानक वहिनी ओरडल्या, "अरे, थांब!" वसंताने शेवटच्या महिन्यांत तारेचे, तांदळाच्या दाण्याएवढे खलाशी केले होते. रंग वाळायला टेबलाखाली कागदावर ठेवलेले. तो कागद आता कोरा होता.

"मॉम, आय थॉट इट वॉज डस्ट," निखिल म्हणाला.

वहिनींनी व्हॅक्यूमची पिशवी फाडली, फरशीवर पालथी केली, आणि त्या करड्या धुळीतून एकेक माणूस वेचायला बसल्या.