न भरणारी टाकी

तमिळ मुलखातल्या मेलकावेरीत हयग्रीवाची सायकल दिसली की बायका मागचं दार लावून घेत. महापालिकेचा सॅनिटरी इन्स्पेक्टर झाला म्हणून काय, दुसऱ्याच्या परसातलं झाकण उघडायला सांगायचं, हे काय भल्या माणसाचं काम? आताशा त्यालाही ते नकोसं झालं होतं. नियम साधे होते. संडासाच्या टाकीला पक्का तळ हवा, तीन वर्षांतून एकदा परवाना असलेल्या गाडीने ती उपसायची, आत माणूस उतरवायचा नाही. पण सांगून सांगून तोंडाला फेस यायचा.

एका वाक्याने तर तो पार थकून जाई. ‘आमची टाकी तीस वर्षांत भरलीच नाही, सार!’ लोक छाती फुगवून सांगत. जी टाकी भरत नाही तिला तळच नसतो, सगळं झिरपत झिरपत विहिरीत जातं, हे अकरा वर्षांपूर्वी, इन्स्पेक्टर झाल्यावरच्या पहिल्याच प्रशिक्षणात शिकवलं होतं. वर्गात बसल्या बसल्या त्याला घाम फुटला होता. कारण हेच वाक्य त्याच्या अंबुजाक्काचं होतं.

अंबुजाक्का त्याची थोरली बहीण; दोघं आपसात घरची, तमिळ मुलखात पिढ्यांमागून पिढ्या टिकलेली मराठी बोलत. दोन गल्ल्या पलीकडे, आईच्या माघारी एकटीच राहायची. नळाचं पाणी तिला देवाला चालत नसे. कुठकुठल्या पाइपातून आलेलं! पहाटे ओलेत्याने स्वतःच्या विहिरीचं पाणी काढायचं, त्यानेच शाळिग्रामाला अभिषेक, तेच तीर्थ. आणि विहीर टाकीपासून पंधरा पावलांवर. ती बंद कर म्हणणं म्हणजे तिचं सोवळंच मोडणं. हयग्रीवाने गावभर नोटिसा वाटल्या आणि हे एक घर दर साली पुढच्या सालावर ढकललं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

यंदा तो निवृत्त व्हायचा होता आणि अक्काचं पोट महिनोन्‌महिने बिघडलेलं होतं. वयामुळे होतं, असं तो तिला सांगायचा. आपण खोटं बोलतो आहोत हे त्याला ठाऊक होतं. शेवटी एकदा ती देवळात गेलेली पाहून त्याने तिच्या संडासात गळती तपासायची हिरवी पूड टाकली, वर बादल्याच बादल्या पाणी ओतलं. विहिरीत रंग दिसू नये म्हणून देवाला हातही जोडले. पाच दिवस विहीर पाहिली, पाणी निर्मळ. पुढे मात्र त्याचा धीर झाला नाही, कामाचं निमित्त करून तो तिकडे फिरकलाच नाही.

आठव्या दिवशी अक्काचाच फोन आला. ‘लवकर ये रे, नवल बघायला ये.’

परसात चार शेजारणी ओंजळ धरून उभ्या होत्या. अक्काचा चेहरा कधी नव्हे तो फुललेला.

‘तीर्थाला तुळशीचा रंग उतरलाय, बघ! दोन दिवस झाले. देव बोलूंलालाय रे.’

तिने त्याच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं. फिकट हिरवं.

जन्मात पहिल्यांदा हयग्रीवाने तीर्थ जमिनीवर सोडलं. मग शेजारणींना कळावं म्हणून तमिळमध्ये, मान वर न करता, त्याने सगळं सांगून टाकलं. पूड, टाकी, विहीर. बायका ओंजळी झटकत निघून गेल्या.

अक्काने पळी खाली ठेवली. ‘हें तुला केव्हां कळलं?’

‘अकरा वर्षं झालीं, अक्का.’

‘आई जाऊन नऊ,’ ती म्हणाली. ‘सारखे जुलाब. शेवटचं तीर्थ मीच घातलं तिला. ह्याच विहिरीचं.’

अक्का हळूहळू घरात गेली आणि तिने मागचं दार लावून घेतलं.